जीसी-एमएस मशीनमध्ये गॅस लीक कसा शोधायचा? १८, २८ आणि ३२ या आकड्यांचा अर्थ

निर्यातीच्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश किती आहे, हे तपासायला लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजेच जीसी-एमएस वापरतात. या मशीनमध्ये हवा शिरली तर सूक्ष्म अंश दिसतच नाहीत. रिपोर्ट 'क्लीन' येतो, पण तो खरा असेलच असं नाही. त्यामुळे गॅसची गळती शोधता येणं हे लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला जमायला हवं. चला, एकेक पायरी बघूया.

गॅसचा रस्ता आधी समजून घ्या

हेलियम सिलिंडरमधून निघतो. रेग्युलेटर आणि फिल्टर ट्रॅप पार करून तो इंजेक्टरमध्ये येतो. तिथून केसासारख्या बारीक, साधारण ३० मीटर लांबीच्या कॉलममधून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पोहोचतो. प्रवाह असतो मिनिटाला साधारण १ मिली.

यात दोन भाग लक्षात ठेवा:

• इंजेक्टरपर्यंत दाब जास्त असतो. इथे लीक असेल तर हेलियम बाहेर जातो.
• मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये व्हॅक्यूम असतो. इथे लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते.

मशीन स्वतःच सांगतं, फक्त वाचता आलं पाहिजे

सॉफ्टवेअरमध्ये 'एअर-वॉटर चेक' चालवा आणि हे आकडे बघा:

• १८ – पाणी
• २८ – नायट्रोजन
• ३२ – ऑक्सिजन
• ४० – आर्गन
• ६९ – ट्यूनिंगसाठी वापरतात त्या पीएफटीबीए द्रवाचा मुख्य पीक

हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के. म्हणून २८ आणि ३२ चं प्रमाण ४ ला १ च्या आसपास दिसलं, की समजा हवा आत येतेय. साधारणपणे २८ चा पीक ६९ च्या १० टक्क्यांच्या आत असावा. नेमकी मर्यादा तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा.

फक्त १८ जास्त आहे? मशीन नुकतंच उघडलं असेल तर तो ओलावा आहे. रात्रभर पंप चालू राहू द्या, सकाळी पुन्हा बघा.

२८ जास्त पण ३२ जवळजवळ नाहीच? मग ट्रॅपच्या आधीच्या पाईपवर किंवा सिलिंडरच्या गॅसवर संशय घ्या. ऑक्सिजन ट्रॅप ऑक्सिजन धरून ठेवतो, नायट्रोजन मात्र पुढे जातो.

लक्षणावरून जागा ओळखा

• ठरवलेला दाब गाठतच नाही: सिलिंडर संपत आलाय का ते आधी बघा. मग सेप्टम आणि लायनरची ओ-रिंग तपासा. सुईने सारखं टोचून सेप्टम झिजतो.
• पीक उशिरा येतात: कॉलममधला प्रवाह कमी झालाय. इंजेक्टरला लीक आहे किंवा कॉलममध्ये कुठेतरी अडथळा आहे.
• पीक गायब आणि २८, ३२ एकदम वाढलेले: कॉलम ओव्हनमध्ये तुटला असण्याची शक्यता मोठी.
• ओव्हन तापला की लीक सुरू: फेरूल सैल झालाय. काही फेरूल गरम-थंड होऊन आकसतात, म्हणून नवीन बसवल्यावर काही रननंतर नट पुन्हा हलकासा आवळावा लागतो.

नेमका जॉइंट कसा पकडायचा?

व्हॅक्यूमच्या बाजूला आर्गन वापरा. स्क्रीनवर ४० चा पीक लाइव्ह ठेवा आणि एका वेळी एकाच जॉइंटजवळ आर्गनचा हलका झोत सोडा. पीक लगेच उसळला तर चोर सापडला! सुरुवात ट्रान्सफर लाइनच्या नटपासून करा, मग दरवाजाची ओ-रिंग बघा. ओ-रिंगवर एखादा धागा चिकटला तरी लीक होतो.

इंजेक्टरच्या बाजूला हातातला इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर फिरवा. साबणाचं पाणी मात्र लावू नका, ते आत गेलं तर कॉलम आणि डिटेक्टर दोन्ही खराब होतात.

या चुका टाळा

• मोठा लीक असताना फिलामेंट चालू ठेवू नका. ऑक्सिजनमुळे तो जळतो.
• नट जोर लावून आवळू नका. फेरूल चिरडतो, कॉलम तुटतो.
• इंजेक्टर, ओव्हन आणि ट्रान्सफर लाइन थंड झाल्याशिवाय काहीच सैल करू नका. गॅस बंद असताना कॉलम तापवू नका.
• हेलियम विषारी नाही, पण बंद खोलीत साठला तर ऑक्सिजन कमी होऊन गुदमरायला होतं. हेलियमऐवजी हायड्रोजन वापरत असाल तर लीक म्हणजे स्फोटाचा धोका.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न: हेलियममुळे फोन बंद पडतो का?

हो, असं घडलंय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये नवीन एमआरआय बसवताना हेलियम गळला आणि तिथले अनेक आयफोन बंद पडले. अँड्रॉइड फोन चालू राहिले. आयफोनमधल्या सूक्ष्म घड्याळाच्या चिपमध्ये हेलियमचे अणू शिरले होते. काही दिवसांत बरेचसे फोन आपोआप सुरू झाले.

शेवटची टिप: मशीन व्यवस्थित चालू असतानाचा एअर-वॉटर रिपोर्ट जपून ठेवा. बिघाड झाला की आजचे आकडे त्याच्याशी ताडून बघा, अर्धं काम तिथेच होतं.