विद्युत दोष, लहान विमानांतील

लहान विमानांतील विद्युत दोष : एक किंवा दोन पिस्टन इंजिने असलेल्या हलक्या विमानात वीज निर्माण करणारी, साठवणारी आणि उपकरणांपर्यंत पोहोचवणारी जी व्यवस्था असते, तिच्यातील बिघाडांना ही संज्ञा लावतात. या दोषांचे गांभीर्य मुख्यतः इंजिन चालू राहण्यासाठी विमानातील विजेची गरज आहे की नाही, यावर ठरते आणि वैमानिकाने करावयाच्या उपायांचा क्रमही त्यावरच अवलंबून असतो.

पूर्वपीठिका : जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले, ते पुस मॉथ विमान रेडिओविना उडाले होते आणि त्याच्या इंजिनातील ठिणगी मॅग्नेटोतून येत होती. मॅग्नेटो हे कायम चुंबकाच्या साहाय्याने, इंजिनाच्याच फिरण्यातून प्रज्वलनापुरती वीज निर्माण करणारे स्वयंपूर्ण यंत्र होय. बारामतीसारख्या प्रशिक्षण केंद्रांत वापरात असलेल्या सेस्ना १५२ आणि १७२ या विमानांतही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. त्यामुळे विमानातील सर्व वीज गेली तरी इंजिन चालू राहते आणि हवेचा दाब मोजून चालणारे वेगमापक व उंचीमापक काम देत राहतात. बंद पडतात ते रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण), दिवे, इंधनाचे विद्युत दर्शक आणि विजेवर हलणारे फ्लॅप.

रचना : इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो, त्यातील डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि नियामक त्याचा दाब स्थिर राखतो. १२ व्होल्टच्या बॅटरीबरोबर सुमारे १४ व्होल्टची, तर २४ व्होल्टच्या बॅटरीबरोबर सुमारे २८ व्होल्टची निर्मिती योजलेली असते, कारण निर्मितीचा दाब बॅटरीहून अधिक असल्याखेरीज ती भारित होत नाही. ही वीज ‘बस’ नावाच्या सामाईक वाहक पट्टीवर येते व तेथून सर्किट ब्रेकरमार्फत, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप तुटणाऱ्या खटक्यांमार्फत, वेगवेगळ्या मंडलांत जाते. सेस्नाचा मुख्य स्विच दुभंगलेला असून त्याचा एक भाग बॅटरीसाठी व दुसरा अल्टरनेटरसाठी असतो. बॅटरी चालू ठेवून केवळ अल्टरनेटर वेगळा काढता यावा, हा त्यामागील हेतू आहे. अल्टरनेटरमध्ये चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी लागणारा अल्प प्रवाह सुरुवातीला बॅटरीतून येत असल्याने पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर अल्टरनेटर काम सुरू करीलच, याची शाश्वती नसते.

निर्मिती बंद पडणे : सर्वाधिक आढळणारा हा दोष अल्टरनेटर फिरवणारा सैल वा तुटलेला पट्टा, झिजलेले कार्बन ब्रश, जळालेला डायोड, बिघडलेला नियामक किंवा सुटलेली तार यांमुळे उद्भवतो. कमी दाबाचा इशारा दिवा लागणे आणि ॲमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे, म्हणजे बॅटरी रिकामी होत असल्याच्या बाजूला झुकणे, ही त्याची लक्षणे होत. परंतु काही विमानांतील ॲमीटर अल्टरनेटरवरील भार दाखवतो व त्यात दोषाच्या वेळी काटा शून्यावर येतो. म्हणून आपल्या विमानातील ॲमीटर कोणत्या प्रकारचा आहे, हे वैमानिकाला आधीच ठाऊक असावे लागते. उपाय त्या विमानाच्या पुस्तिकेनुसार करावयाचे असले तरी त्यांचा सर्वसाधारण क्रम असा असतो : प्रथम विमानावरील ताबा कायम राखावा, रेडिओ व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे बंद करून अल्टरनेटर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा आणि दिवा पुन्हा लागल्यास अल्टरनेटर बंदच ठेवून अनावश्यक भार कमी करावा.

भार कमी करण्यामागील हिशेब साधा आहे. २४ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर ४० अँपिअरचा भार ठेवल्यास ती कागदावर ३६ मिनिटे पुरते, तोच भार ८ अँपिअरवर आणल्यास तीन तास. प्रत्यक्षात जुनी बॅटरी यापेक्षा बरीच आधी मान टाकते. २८ व्होल्टवर चालणारा २५० वॅटचा उतरण्याचा दिवा एकटाच सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेत असल्याने दिवसा तो सर्वप्रथम मालवला जातो.

अतिदाब : नियामक बिघडून दाब वाढल्यास बॅटरी तापते, तिच्यातील द्राव उकळून आम्लयुक्त वाफ बाहेर पडू शकते आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळतात. अतिदाब संवेदक अल्टरनेटर आपोआप तोडतो. तसे न होता ॲमीटर दीर्घकाळ अतिभारण दाखवत राहिल्यास वैमानिकाने तो स्वतः बंद करावयाचा असतो.

मंडलातील दोष व आग : सर्किट ब्रेकर तारेच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे तो तुटणे ही बहुधा त्या मंडलात काही बिघडल्याची खूण असते. ज्या उपकरणावाचून उड्डाण सुरक्षितपणे पूर्ण होणार नाही, त्याचाच ब्रेकर, तोही धूर वा जळका वास नसल्यास आणि थंड होण्यास सुमारे एक मिनिट दिल्यावर, एकदाच पुन्हा दाबावा, असा संकेत आहे. धूर दिसल्यास मुख्य स्विच बंद करून मंडलांचा पुरवठा तोडतात, हवेचे झरोके मिटवतात, अग्निशामक वापरतात व आग विझल्याची खात्री झाल्यावर केबिनमध्ये पुन्हा मोकळी हवा घेतात. त्यानंतर वीज अत्यावश्यक असल्यासच सर्व उपकरणे बंद ठेवून मुख्य स्विच चालू करतात व एकेक उपकरण मध्ये थांबत थांबत सुरू करून दोषी मंडल ओळखतात. या सर्व काळात मॅग्नेटोच्या स्विचला हात लावायचा नसतो.

संपर्क तुटल्यानंतर : चिकलठाण्यासारख्या नियंत्रण मनोरा असलेल्या विमानतळाकडे येताना रेडिओ बंद असेल, तर ट्रान्सपॉन्डर चालू असेपर्यंत त्यावर ७६०० हा संकेतांक लावतात व मनोऱ्यातील प्रकाशसंकेतांवर लक्ष ठेवतात. हवेतील विमानासाठी स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे इतर विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहावे आणि लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित असल्याने उतरू नये. दिवसा पंख डोलावून संकेताची पोच देतात. विजेअभावी फ्लॅप न उघडता उतरताना वेग अधिक ठेवावा लागतो व धावपट्टीही अधिक लागते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंजिने : गोंदियाजवळच्या बिरसी येथील प्रशिक्षण संस्थेने वापरलेल्या डायमंड डीए-४२ या प्रकारच्या दोन इंजिनांच्या विमानात डिझेल इंजिनांचे नियंत्रण संगणकाकडे असते व त्याला अखंड वीज लागते. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे अशाच एका विमानाची बॅटरी उतरलेली असताना दोन्ही इंजिने बाहेरील वीज जोडून सुरू करण्यात आली. उड्डाण होताच चाके आत घेणाऱ्या विद्युत पंपाने प्रवाह ओढला, दाब क्षणभर घसरला, दोन्ही नियंत्रक नव्याने सुरू झाले आणि दोन्ही इंजिने एकाच वेळी थांबली. त्यानंतर नियंत्रकांसाठी स्वतंत्र राखीव बॅटऱ्यांची तरतूद झाली. उतरलेली बॅटरी जमिनीवरच पूर्ण भारित करून मग उड्डाण करावे, ही अशा विमानांतील अट इंजिनाच्या सुरक्षिततेशीच निगडित आहे.

जमिनीवरील तपासणी : विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर घटते व तिचे आयुष्य कमी होते, तर किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत जोडांवर व भूसंपर्काच्या पट्ट्यांवर गंज चढतो. त्यामुळे बॅटरीची क्षमता, पट्ट्याचा ताण, ब्रशची झीज आणि तारांचे घर्षण यांची तपासणी परवानाधारक अभियंता ठरावीक कालावधीने करतो. हेडफोनमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू येणे हे डायोड निकामी होत असल्याचे लक्षण असू शकते. असा दोष, विमानक्षेत्रातील भाषेत ‘स्नॅग’, वैमानिकाने लेखी नोंदवणे व अभियंत्याने त्याचे निवारण करून सही करणे आवश्यक असते. अमेरिकेतील सॅनफर्ड येथे १० जुलै २००७ रोजी सेस्ना ३१० विमान कोसळून विमानातील दोघे व जमिनीवरील तिघे मरण पावले. आदल्या दिवशीच्या वैमानिकाने जळका वास आल्याने हवामान रडारचा ब्रेकर ओढून तशी नोंद केली होती. पण दोष न शोधताच विमान पुन्हा उड्डाणास सोडण्यात आले होते.