भूकंपाचे वातावरणीय पूर्वसंकेत

भूकंपाचे वातावरणीय पूर्वसंकेत : भूकंपापूर्वी हवेत किंवा आयनांबरात आढळणाऱ्या आणि येऊ घातलेल्या भूकंपाशी निगडित मानल्या जाणाऱ्या बदलांना ही संज्ञा लावतात. अशा संकेतांचा शोध पुरातन आहे. पृथ्वीच्या पोटात कोंडलेल्या वाऱ्यामुळे भूमी हादरते, असे मानणाऱ्या ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी मोठे भूकंप बहुधा निवांत हवेत होतात व कधीकधी त्यांच्या आधी निरभ्र आकाशात सरळ रेषेसारखा लांब, पातळ ढग दिसतो, असे नमूद केले आहे. वराहमिहिर (सहावे शतक) यांच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. वायुमंडलातील भूकंपाआधी आठवडाभरात धुराने कोंदलेल्या दिशा, धूळ उडवीत व वृक्ष मोडीत वाहणारा वारा आणि मंदावलेले सूर्यकिरण ही चिन्हे दिसतात, असे त्यात म्हटले आहे. त्यांची कारणमीमांसा आज टिकत नाही. मात्र भूकंपापूर्वी हवेत काही घडावे, ही अपेक्षा आधुनिक संशोधकांनीही सोडलेली नाही.

या शोधाला शास्त्रीय वळण लागले ते मुख्यतः रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमुळे. ताश्कंद येथील २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपापूर्वी तेथील खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉनचे प्रमाण वाढत गेल्याचे सोव्हिएट शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. जपानमधील कोबे भूकंपाच्या (१७ जानेवारी १९९५) नऊ दिवस आधी भूजलातील रेडॉन नेहमीच्या सु. दसपट झाला होता. ताणाखालील खडकांत सूक्ष्म भेगा पडून हा वायू वर येतो, त्याच्या ऱ्हासातून हवेचे आयनीभवन होते, आयनांभोवती बाष्प जमते व सुप्त उष्णता मुक्त होते, अशी एक उपपत्ती आहे. ताणलेल्या खडकांतच धन विद्युत् भार निर्माण होऊन ते पृष्ठभागाकडे वाहतात, अशी दुसरी आहे. दोन्हींना प्रयोगशाळेत काही आधार मिळाला आहे. प्रत्यक्ष भूकवचात त्या कितपत लागू पडतात हे सिद्ध झालेले नाही.

उपग्रहांमुळे विस्तीर्ण प्रदेशाचे तापमान रोज मोजता येऊ लागले. १९८८ मध्ये सोव्हिएट संशोधकांनी मध्य आशियातील भूकंपांपूर्वी अवरक्त प्रारण वाढल्याचे प्रसिद्ध केले. भारताच्या दृष्टीने भूज येथील भूकंप (२६ जानेवारी २००१) विशेष महत्त्वाचा ठरला. त्याच्या आधीच्या दिवसांत परिसरातील भूपृष्ठाचे तापमान काही अंशांनी चढले होते, असा निष्कर्ष रूडकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून काढला. कानपूरच्या संस्थेतील संशोधकांनी पृष्ठभागावरून होणाऱ्या सुप्त उष्णतेच्या प्रवाहातील बदलांकडे लक्ष वेधले. तथापि २०११ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी अनेक वर्षांची तापमाने पुन्हा तपासली, तेव्हा पूर्वी दाखविलेली काही वाढ ढगांमुळे मोजमापात पडलेल्या खंडांतून उद्‌भवल्याचे आढळले. म्हणजे ढगच पुन्हा आडवे आले, पण वेगळ्या अर्थाने.

याच हेतूने फ्रान्सने २९ जून २००४ रोजी डेमेटर हा उपग्रह सोडला. तो २०१० अखेरपर्यंत कार्यरत होता. त्याने टिपलेल्या हजारो भूकंपांच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणात, उथळ व मोठ्या भूकंपांपूर्वी ० ते ४ तासांच्या काळात रात्री सु. १·७ किलोहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची तीव्रता किंचित घटते, असे आढळले. हा परिणाम अनेक भूकंपांच्या सरासरीतच दिसतो. एखाद्या विशिष्ट भूकंपाची सूचना त्यावरून देता येत नाही.

अशा सूचनेत केवळ शास्त्राचा प्रश्न नसतो. मार्च २००९ मध्ये इटलीतील एका तंत्रज्ञाने रेडॉनच्या मोजणीवरून सुल्मोना येथे भूकंपाचा इशारा दिला. तेथे काहीही झाले नाही. ६ एप्रिल रोजी सु. ५० किमी. दूरच्या लाक्विला शहराला धक्का बसून ३०९ लोक मृत्यू पावले. इशारा मानून सुल्मोनातील लोकांना लाक्विलाला हलविले असते, तर मृतांची संख्या वाढलीच असती. या घटनेनंतर इटलीने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने भूकंपाचा निश्चित पूर्वसंकेत अद्याप सापडलेला नसल्याचा अभिप्राय २०११ मध्ये दिला. मोजमापे मात्र थांबलेली नाहीत : चीनने २ फेब्रुवारी २०१८ रोजी इटलीच्या सहकार्याने जांगहंग-१ हा उपग्रह याच कामासाठी कक्षेत पाठविला.