देवांचे स्थलांतर आणि घराची कल्पना

मनुष्य परमुलखात जाऊन राहिला म्हणजे त्याची बोली, त्याचा पोशाख आणि त्याचे खाणेपिणे यांत फरक पडतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु ‘घर’ या शब्दाचा त्याच्या मनातील अर्थही हळूहळू पालटतो, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गोमंतकातील हिंदू समाजाच्या इतिहासात हा पालट फार स्पष्ट दिसतो. कारण येथे माणसांबरोबर देवांनाही घर सोडावे लागले.

१५१० साली पोर्तुगिजांनी गोवा शहर जिंकले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५४३ साली साष्टी व बारदेश हे महाल त्यांच्या ताब्यात गेले, १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि १५६७ साली साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. या आपत्तीत भाविकांनी मूर्ती व लिंगे उचलून जुवारी नदीपलीकडचा अंत्रुज महाल गाठला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदोड्यास. अंतर पाहू गेले तर थोड्याच कोसांचे. पण अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. नदी ओलांडणे म्हणजे राज्य ओलांडणे होते. कित्येक कुटुंबे तर तेथेही न थांबता कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली.

या मंडळींनी बरोबर काय नेले, हे पाहण्यासारखे आहे. जमीन नेता येत नाही. नाव नेता येते. लोटलीकर, राईकर, कुडतरकर, वेर्णेकर ही आडनावे पाहावीत. जो गावातच नांदतो त्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? गाव सुटल्यावरच गाव आडनावात येऊन बसतो. देवांच्या बाबतीतही तेच घडले. म्हार्दोळ हे मूळचे वेर्ण्याचे स्थळनाम. देवी निघाली तेव्हा ते नावही तिच्यामागून अंत्रुजात आले. प्रियोळात मात्र उलट झाले. तेथे देवाच्या नावावरून जागाच मंगेशी म्हणून प्रसिद्ध झाली. एके ठिकाणी जुने घर नव्यावर लिहिले गेले, दुसऱ्या ठिकाणी नवे घर पाहुण्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

भाषेचीही गोष्ट अशीच. कोचीच्या डच गव्हर्नराने, हेन्रिक व्हान रेडे याने, मलबारच्या वनस्पतींवर जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. १६७५ सालच्या एप्रिलात त्यांनी दिलेली साक्ष पहिल्या खंडात, १६७८ साली, नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत छापली गेली. साष्टीतील देवळे पडून तेव्हा शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता. चोहोंकडे मल्याळम बोलली जात असता स्वतःचा शब्द खरा करावयाचा तो आपल्या भाषेत आणि आपल्या अक्षरांत, ही त्यांची वृत्ती होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंत्रुजातील आजची भव्य देवळे त्या पहिल्या परागंदा पिढीने बांधलेली नव्हेत. कवळ्याच्या शांतादुर्गेचे मंदिर १७३८ साली पुरे झाले. त्यासाठी शाहू महाराजांकडून द्रव्य मिळविणारे नारो राम मंत्री हे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. त्यांची कारकीर्द साताऱ्याच्या दरबारात गेली. मंगेशाच्या देवस्थानास पेशव्यांकडून १७३९ साली गाव इनाम मिळाला, तो रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या खटपटीने. दूरदेशी मान व पैसा मिळविलेल्या या पुरुषांच्या लेखी घर म्हणजे कुलदेवतेचा आश्रय, असा अर्थ ठरून गेला होता.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याविना इतिहास पुरा होत नाही. सर्वांनाच निघून जाणे शक्य नव्हते. शेत, गुरे, म्हातारी माणसे यांना सोडणार कसे? एकाच कुळातील काही जण गेले, काही राहिले. राहिलेल्यांनी घर राखले आणि देव गमावला. गेलेल्यांनी देव राखला आणि घर गमावले. दोघांपैकी कोणाचा तोटा मोठा, हे ठरविण्याचा अधिकार आज आपल्याला नाही.

पुढे १७६३ साली अंत्रुज महालही पोर्तुगिजांकडे गेला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचीच सत्ता संपली. परतीच्या वाटेवर आता शिपाई उरला नव्हता. तरीही मंगेश कुशस्थळीस परतला नाही, शांतादुर्गा कवळ्याहून हलली नाही. चारशे वर्षांची पूजा, उत्सव, सेवेकऱ्यांची घरे आणि तळ्याकाठची वस्ती हे सारे मागे टाकून परतणे म्हणजे दुसरे स्थलांतरच झाले असते. प्रवासी परत येतो. वसाहत करून राहिलेला पुष्कळदा परत येत नाही, केवळ भेटीस येतो.

या भेटीचे सर्वांत बोलके रूप कुंकळ्ळीस पाहावे. तेथील शांतादुर्गा फातर्प्यास गेली. पण दरवर्षी शिगम्यात ती छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यासोबत असतात, आणि त्या वांगडांचे वंशज आज हिंदूही आहेत व ख्रिस्तीही. गेलेले आणि राहिलेले त्या दिवशी एका वाटेवर येतात.

आज इंदूर, बडोदे, हैदराबाद येथून, तसेच सातासमुद्रापलीकडून, अनेक कुटुंबे अंत्रुजात येतात, अभिषेक करतात, प्रसाद घेतात आणि सायंकाळी निघून जातात. त्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. परंतु देऊळ उभे राहते ते रोजच्या झाडलोटीवर, दिव्यावर, नैवेद्यावर. आणि ते काम जे तेथे राहतात तेच करतात. मंत्री व सुखठणकर दूर राहूनही घरचे राहिले, कारण त्यांनी त्या भाराचा वाटा उचलला. परमुलखात राहणाऱ्याचे घर कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासाने एवढेच दिले आहे: ज्या ठिकाणच्या भाराचा वाटा आपण उचलतो, ते.