सीताबर्डीची लढाई (१८१७) आणि महाजालावरील शोधसाधनांची निवड

प्रस्तावना :
इतिहासलेखन हे साधनांवर उभे असते. पूर्वी संशोधक ग्रंथालयातील कार्ड-कपाटापासून आरंभ करीत असे. आज अध्यापक व विद्यार्थी दोघेही संगणकावरील शोधयंत्रापासून आरंभ करतात. परंतु साधन हाताशी आले म्हणजे साधनचिकित्सा संपली, असा समज रूढ होऊ पाहत आहे. नागपूर येथील सीताबर्डीच्या टेकड्यांवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या लढाईच्या उदाहरणातून प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

शोधसाधनांचे स्वरूप :
१९९० मध्ये निर्माण झालेले 'आर्ची' हे केवळ फाइलींची नावे शोधत असे. १९९४ मध्ये सुरू झालेली 'याहू'ची निर्देशिका माणसांनी विषयवार लावलेली होती; ती २०१४ मध्ये बंद झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'गूगल'ने एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने निर्देश करतात, यावरून त्याचे महत्त्व ठरविण्याची पद्धती आणली. ही पद्धती उपयुक्त आहे; तथापि ती लोकमान्यता मोजते, सत्यता नव्हे. माणसाने केलेल्या वर्गीकरणाची जागा यंत्राने केलेल्या क्रमवारीने घेतली, तेव्हा निवडीची जबाबदारी वाचकावर येऊन पडली, हे आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

सीताबर्डीचे उदाहरण :
२४ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसले यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने फौज सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर हलविली. २६ तारखेच्या सायंकाळी सुरू झालेली लढाई दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली. छोटी टेकडी अरबांनी जिंकली, कॅप्टन फिट्झेराल्डच्या घोडदळाने हल्ला केला आणि शेवटी ती टेकडी कंपनीच्या सैन्याने परत घेतली.

ही माहिती शोधू लागल्यास पहिली अडचण नावाची येते. देवनागरीत 'सीताबर्डी' एवढेच लिहिले तर बाजारपेठ आणि मेट्रो स्थानक यांचीच माहिती प्रामुख्याने पुढे येते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मात्र हे नाव रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहीत. कंपनीच्या पलटणींना मिळालेल्या युद्धसन्मानात ते 'सीटाबल्डी' असे वाचता येईल, अशा वर्णांनी लिहिले आहे. जुनी रूपे ठाऊक नसल्यास जुने ग्रंथ सापडत नाहीत. म्हणजे चांगला शोध घेण्यासाठी विषयाचे थोडे ज्ञान आधीच असावे लागते. शोधयंत्र अज्ञान दूर करते, पण संपूर्ण अज्ञानाला ते फारसे साहाय्य करीत नाही.

दुसरी अडचण पुनरुक्तीची. शीतलप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन बंधूंवरून सीताबर्डी हे नाव पडले, असे अनेक संकेतस्थळांवर वाचावयास मिळते. हे विधान दहा ठिकाणी आढळले तरी दहा पुरावे होत नाहीत. आधाराचा निर्देश नसेल तर ती आख्यायिका म्हणूनच नोंदवावी. २०२२ नंतर प्रसार पावलेली, थेट उत्तर रचून देणारी संगणकीय साधने तर अशा पुनरुक्तीला एकसंध आणि ठाम वाक्याचे रूप देतात. त्यामुळे तेथे अधिक सावधगिरी आवश्यक आहे.

प्रश्नानुसार साधन :
प्राथमिक परिचयासाठी विश्वकोश पुरेसा आहे. मूळ ग्रंथ पाहावयाचा असल्यास 'इंटरनेट अर्काइव्ह'सारखा संग्रह निवडावा. व्हॅलेंटाइन ब्लॅकर याचा १८२१ चा युद्धवृत्तांत किंवा जेंकिन्सचा १८२७ चा अहवाल यांसारखे जुने ग्रंथ अशा संग्रहांत शोधावेत. प्रबंधांसाठी 'शोधगंगा', समीक्षित लेखांसाठी 'जेस्टोर' व 'गूगल स्कॉलर', तर सरकारी कागदपत्रांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' उपयोगी पडते.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. ब्लॅकर हा मद्रास सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल होता आणि जेंकिन्स तर या घटनेतील एक पक्षच होता. भोसल्यांची फौज १८,००० च्या घरात आणि कंपनीची दीड हजारांच्या आत, हे प्रमाण आपल्याला विजेत्यांच्या ग्रंथांतून मिळते. मूळ ग्रंथ सापडला म्हणजे निःपक्षपाती ग्रंथ सापडला असे नव्हे. या बाजूचे आकलन होण्यासाठी यादव माधव काळे यांच्या 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) या ग्रंथाकडे वळावे लागते. भोसलेकालीन मोडी कागदांतील हस्तलिखित मजकूर तर सर्वसाधारण शोधयंत्राला वाचताच येत नाही. जे शोधात येत नाही ते घडलेच नाही, अशी विद्यार्थ्यांची धारणा झाली, तर १८१७ चा पराभव दुसऱ्यांदा, या वेळी स्मृतीच्या पातळीवर होईल.

निष्कर्ष :
१. शोधनिकालांचा क्रम हा विश्वसनीयतेचा क्रम नव्हे.
२. स्थळनामांची जुनी व पर्यायी रूपे देऊन शोध घ्यावा.
३. प्रत्येक विधानाचा कर्ता, काळ आणि हेतू तपासावा.
४. महाजालावर न मिळालेल्या साधनांचीही नोंद प्रबंधात व्हावी.

महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना शोधयंत्र वापरण्यास मनाई करण्यापेक्षा एकच घटना तीन भिन्न साधनांतून शोधून त्यांतील तफावत लिहावयास सांगावी. सीताबर्डीची टेकडी नागपूरकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. या अभ्यासाचा आरंभ तिथूनच करता येईल.