९ रुग्ण आणि एक प्रश्न

इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसांवर व्रण वाढत जातात, श्वास अपुरा पडतो. अमेरिकेत मायामी विद्यापीठातील डॉक्टरांनी अशा ९ रुग्णांना दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, शिरेतून एकदाच दिल्या. ‘एथर’ या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. ६० आठवड्यांत दोघांचे निधन झाले, तेही आजार बळावल्याने. उपचारामुळे गंभीर अपाय झाला नाही.

चाचणीचा प्रश्न एवढाच होता : हे सुरक्षित आहे का? आजार बरा होतो, असे त्यातून सिद्ध झाले नाही.

आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे फुफ्फुसाच्या आजारात मंजूर चाचणीबाहेर या पेशी देऊ देत नाहीत. म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर दागिने मोडण्याआधी चाचणीची मंजुरी विचारा. दुवा जरूर मागा. पण सौद्याला इलाज समजू नका.