लक्झरी एसयूव्ही रात्रीतून ‘बसते’ का? एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर बदलण्याआधी हे तपासा

रात्री घरासमोर सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात झुकलेली दिसते. सुरू केली की खालून बराच वेळ घरघर ऐकू येते, स्क्रीनवर सस्पेन्शनची सूचना झळकते आणि गाडी हळूहळू उठते. काही दिवसांनी तीही उठायची थांबते. रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, डिफेंडर, ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएलएस अशा एअर सस्पेन्शनच्या गाड्यांमध्ये ही तक्रार नवी नाही. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: कंप्रेसर गेला, नवा टाका.

पण बऱ्याचदा कंप्रेसर हा आजार नसतो, आजाराचा बळी असतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा कंप्रेसर बसवला, तर काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो. खर्च मात्र दोनदा होतो.

देगलूरसारख्या ठिकाणी हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे. अकोला, नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ गावाजवळूनच जातो. ट्रकचे एअर ब्रेक दुरुस्त करणारे मेकॅनिक या रस्त्यावर भेटतात, पण लक्झरी गाडीच्या अधिकृत वर्कशॉपसाठी साधारण २०० किलोमीटरवरचं हैदराबाद किंवा त्याहून लांबचं पुणे गाठावं लागतं. एवढ्या लांब गाडी नेण्याआधी दोष नेमका कुठे आहे याचा अंदाज हाताशी असलेला बरा.

ही यंत्रणा चालते कशी?

साध्या गाडीत लोखंडी स्प्रिंग असते. इथे तिच्या जागी चारही चाकांपाशी हवा भरलेले रबरी फुगे असतात. मेकॅनिक त्यांना बेलो किंवा एअर स्प्रिंग म्हणतात. विजेवर चालणारा एक छोटा कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो. ती ड्रायरमधून जाताना तिच्यातला ओलावा शोषला जातो. मग ती व्हॉल्व्ह ब्लॉकमधून साठवण टाकीत किंवा थेट फुग्यांत जाते. चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात आणि कंट्रोल युनिट हवा भरायची की सोडायची ते ठरवतं.

रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन १९९२ मध्ये आलं. आज ही यंत्रणा महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. ऑडी क्यू७ ची जुळणी मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होते. जॅग्वार लँड रोव्हर कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली आणि रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली.

टायरमध्ये साधारण ३५ पीएसआय हवा असते. डिस्कव्हरी ३ सारख्या गाडीच्या साठवण टाकीत हाच दाब १५ बारच्या आसपास, म्हणजे २०० पीएसआयच्या वर असतो. अडीच टनांच्या आसपास वजनाची गाडी उचलायची तर एवढा जोर लागतोच. पण हा कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. तासन् तास चालणं त्याला झेपत नाही.

मग तो मरतो कशामुळे?

पहिलं कारण गळती. फुग्याचं रबर घडीच्या जागी भेगाळतं किंवा पाइपचा जोड सैल होतो. गेलेली हवा भरून काढायला कंप्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होतो, तापतो आणि त्याची पिस्टन रिंग झिजते.

दुसरं कारण ड्रायर. त्यातले ओलावा शोषणारे दाणे कालांतराने निकामी होतात. मग पाणी आत शिरतं, दाण्यांचा भुगा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मराठवाड्यात उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा, त्यामुळे हवा घेणाऱ्या फिल्टरकडे दुर्लक्ष परवडत नाही.

तिसरं कारण अगदी स्वस्त भागाचं: रिले. तो आतून चिकटला की कंप्रेसरला वीज मिळतच राहते आणि मोटर जळते.

गाडी खाली बसलेली असताना तिच्याखाली शिरू नका

कुठलीही तपासणी करण्याआधी हे लक्षात ठेवा. हवा कधीही सुटू शकते आणि गाडी क्षणात खाली येते. चाक आणि मडगार्डच्या फटीत हात घालू नका. खाली जायचंच असेल तर सस्पेन्शनचा जॅक मोड लावून, मजबूत स्टँडवर टेकवलेल्या गाडीखालीच जा. दाबातले पाइप घरी उघडू नका.

घरी करता येतील अशा चार चाचण्या

१. बॅटरी बघा. कंप्रेसर भरपूर वीज खातो. बॅटरी कमकुवत असेल तर सस्पेन्शनच्या खोट्या सूचना येऊ शकतात. गाडी काही तास बंद ठेवल्यावर मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टपेक्षा बरंच कमी दिसत असेल, तर आधी बॅटरी तपासून घ्या.

२. टेपने उंची मोजा. सपाट जागी गाडी लावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर रात्री लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. थंडीने काही मिलिमीटर फरक पडू शकतो. त्याहून जास्त फरक म्हणजे गळती.

यात एक मेख आहे. काही गाड्या, विशेषतः लँड रोव्हर, बंद असतानाही अधूनमधून जाग्या होतात आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे कोपरे आणतात. त्यामुळे फुगा एकच गळत असला तरी सकाळी चारही बाजू बसलेल्या दिसतात. गाडीच्या पुस्तिकेत बघून सस्पेन्शनचा फ्यूज रात्रीपुरता काढला, तर खरा दोषी कोपरा एकटाच खाली जातो.

३. साबणाचं पाणी मारा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तत्त्व तेच. गाडी उंच स्थितीत असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून, दिसणाऱ्या फुग्यावर आणि पाइपच्या जोडावर बाटलीने फवारा मारा. घडीच्या जागी फेस वाढताना दिसला की गळती सापडली.

४. कान द्या. उंची वाढवायचं बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले किंवा वायर आधी तपासा. आवाज येतो पण गाडी उठत नाही, तर रिंग झिजलेली असू शकते किंवा हवा कुठेतरी निसटत असेल. थोडं चालून बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालतो, तर तो तापून स्वतःला वाचवतो आहे.

निकाल कसा वाचायचा?

एकच कोपरा बसत असेल तर त्या चाकाचा फुगा किंवा पाइप. फ्यूज काढूनही पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही कोपरे सोबत बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या. गाडी रात्रभर तशीच उभी राहते, पण उंची वाढवायला फार वेळ लागतो, तर मात्र कंप्रेसर किंवा त्याचा ड्रायर खरोखरच थकला आहे.

पुढची पायरी स्कॅनर. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. सस्पेन्शनसाठी त्या कंपनीच्या गाड्या ओळखणारा स्कॅनर हवा. लँड रोव्हरमध्ये ‘सी१ए२०’ हा कोड वारंवार दिसतो. त्याचा अर्थ, टाकी भरताना दाब फार हळू वाढतो आहे. कंप्रेसर बदला असं तो कोड सांगत नाही. गळतीमुळेही दाब हळूच वाढतो.

रस्त्यात सूचना आली तर?

गाडी सुरक्षित जागी थांबवा, उंची बदलण्याचे प्रयत्न करत बसू नका, कंप्रेसर थंड होऊ द्या. उंची साधारण ठीक असेल आणि सूचना पिवळी असेल तर सावकाश मुक्कामाला पोचता येतं. स्क्रीनवर वेगमर्यादा दिली असेल तर ती पाळा. सूचना लाल असेल, गाडी पूर्ण बसली असेल किंवा टायर मडगार्डला घासत असेल तर पुढे जाऊ नका. अशा वेळी सपाट फलाट असलेली टोइंग गाडीच मागवा. हुकने ओढताना बंपर आणि सस्पेन्शनचं आणखी नुकसान होतं.

कंप्रेसर बदलायचाच असेल तर

आधी गळती बंद करून घ्या. सोबत रिले नवा टाका आणि हवा घेणारा फिल्टर बघायला सांगा. जुन्या डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये मूळचा हिताची कंप्रेसर काढून एएमके बसवला जातो, तेव्हा सॉफ्टवेअरही अपडेट करावं लागतं. काम झाल्यावर गाडी वर्कशॉपमध्येच एक रात्र ठेवून उंचीचे आकडे लेखी मागा.

पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून जुनी लक्झरी एसयूव्ही स्वस्तात आणायचा विचार असेल तरी हीच टेप कामाला येते. गाडी बघायला संध्याकाळी जा, उंची मोजा, सकाळी इंजिन सुरू होण्याआधी पुन्हा मोजा. विकणाऱ्याने गाडी आधीच सुरू करून तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.