बूलीय तर्कशास्त्र
सत्य व असत्य या दोनच मूल्यांवर चालणारे तर्कशास्त्र. येवला (जि. नासिक) येथील काही हातमागांना जॅकार्ड यंत्रणा जोडलेली असते. तिच्या पत्त्यात छिद्र असेल आणि विणकराने पावडीही दाबली, तरच ताण्याचा धागा उचलला जातो. संगणकाच्या कार्यक्रमातील ‘आणि’ नेमका असाच. ‘किंवा’ मात्र नवशिक्याला चकवितो. व्यवहारात ‘चहा किंवा कॉफी’ म्हणजे दोहोंपैकी एकच. संगणकाचा ‘किंवा’ दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी सत्य ठरतो. खुद्द जॉर्ज बूल (१८१५–६४) यांनीही आपल्या १८५४ च्या ग्रंथात बेरजेचे चिन्ह परस्परांपासून अलग असलेल्या वर्गांपुरतेच ठेवले होते. समावेशक अर्थ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६४ मध्ये मांडला. बूल यांना तो मान्य नव्हता. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी विद्युत् मंडलांना हे बीजगणित लावले, ते जेव्हन्स यांच्या अर्थाने.